बसावयाची जागा

आमच्या गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत फार जुनी आहे. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवितात, गाऱ्हाणे घालतात, आणि मग घरची सारी मंडळी श्वास रोखून पाहत बसतात. देवाच्या उजव्या अंगाची पाकळी आधी खाली आली की कार्याला संमती मिळाली. डाव्या अंगाची आली की थांबावयाचे. लग्ने, शेतांचे वाद, कोर्टात जावे की न जावे, हे सगळे त्या एका पाकळीवर ठरलेले मी पाहिले आहे. नवख्या माणसाचा मात्र येथे हमखास घोटाळा होतो. तो देवासमोर उभा असल्यामुळे देवाचे उजवे अंग त्याला आपल्या डाव्या हाताला दिसते. मग भटजींना त्याला सांगावे लागते की उजवे मोजावयाचे ते देवाचे, आपले नव्हे.

राजकारणात 'डावे' आणि 'उजवे' हे शब्द आपण आता इतके सरसकट वापरतो, की 'कोणाचे डावे?' हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. मी पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास शिकविला. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा आला, की मागच्या बाकावरचा एखादा मुलगा हटकून विचारी, "मास्तर, डावे म्हणजे नक्की कोण?" ज्याला गरिबांचा कळवळा तो डावा आणि ज्याला परंपरेचा अभिमान तो उजवा, असे एका ओळीचे उत्तर देऊन मोकळे होता आले असते, परीक्षेला ते पुरलेही असते. मी मात्र मुलांना थेट त्या सभागृहात नेऊन बसवीत असे. कारण हे शब्द जन्मास आले ते बसावयाच्या जागांची नावे म्हणून. त्यातही ती जागा बसणाऱ्याच्या हाताने मोजलेली नव्हती. समोर उच्चासनावर जो अध्यक्ष बसलेला असे त्याच्या हाताने मोजलेली होती. अध्यक्षाच्या डाव्या हाताचा सभासद अध्यक्षाकडे तोंड करून बसतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या दृष्टीने तो दालनाच्या उजव्या अंगालाच असतो. पाकळीला जो न्याय तोच येथेही.

उजव्याला मान आणि डाव्याला दुय्यमपणा हा पक्षपात काही पॅरिसने निर्माण केलेला नाही. तो माणसाच्या भाषेतच खोल रुजलेला आहे. मराठीत विश्वासाचा माणूस हा 'उजवा हात' असतो. दोन वस्तूंत सरस ठरते ती 'उजवी'. व्रत पुरे झाले की ते 'उजवितात'. आणि ज्याला मुद्दाम बाजूस सारावयाचे त्याला 'डावलतात'. फ्रेंचांकडे उजव्याचा जो शब्द, त्याचाच अर्थ सरळ आणि कायदा असाही होतो. डाव्याचा शब्द ओबडधोबड, अडाणी अशा अर्थानेही चालतो. बेळगावच्या वाचकांस ठाऊकच आहे की कन्नडात 'बल' म्हणजे उजवा आणि 'बल' म्हणजे शक्तीही. एक संस्कृत भाषा काय ती उदार: 'वाम' म्हणजे डावा, वाम म्हणजे प्रतिकूल, आणि वाम म्हणजे सुंदरही. इंदूर-ग्वाल्हेरकडची आपली मंडळी हिंदी वर्तमानपत्रांत 'वामपंथी' हा शब्द वाचतात. जुन्या वळणाच्या माणसाला त्यातून तांत्रिकांच्या वाममार्गाची आठवण होत असली तर नवल नाही. दक्षिणेत तर 'उजव्या हाताच्या' आणि 'डाव्या हाताच्या' अशा जातींच्या दोन फळ्याच शतकानुशतके नांदत होत्या, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत मद्रासेत त्यांच्या दंगलींनी कंपनीच्या गव्हर्नरांस हैराण करून सोडले होते. परंतु त्या फळ्या जन्माने मिळत. मत बदलले म्हणून कोणी एका हाताचा दुसऱ्या हाताचा होत नसे.

राजदरबारातील जागाही अशीच नेमलेली असे. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांची बैठक न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथात दिली आहे. सिंहासनाच्या उजव्या हाताला पहिला मान पेशव्यांचा, डाव्या हाताला पहिला मान सेनापतींचा. त्या जागेवरून हुद्दा कळे. सेनापती डावीकडे म्हणून त्याचे विचार अमुक, असे म्हणणारा मनुष्य त्या दरबारात वेडाच ठरला असता.

५ मे १७८९ रोजी व्हर्साय येथे फ्रान्सच्या तीन वर्गांची सभा भरली, तीही प्रथम याच जातीची होती. राजाच्या करमणुकीच्या साहित्याची जी कोठी होती, तिच्या मागे उभारलेल्या दालनात सिंहासन मांडले होते. राजाच्या उजव्या हाताला धर्मगुरू, डाव्या हाताला सरदार, आणि पार समोर, दूरवर, काळे कपडे घातलेले तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी: वकील, व्यापारी, लहानमोठे अंमलदार. सरदारांच्या टोप्यांवर पिसे आणि अंगरख्यांवर जर. म्हणजे त्या दिवशी फ्रान्समधले सारे सरदार 'डावे' होते! पुढच्या काळात ज्यांना डावे म्हणू लागले ते तर कोणत्याच बाजूस नव्हते. ते दारापाशी होते.

मग सहा-सात आठवड्यांत सगळेच बदलले. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने आपणच राष्ट्रसभा आहोत असे जाहीर केले. २० जूनला नेहमीचे दालन बंद आढळले, तेव्हा ती मंडळी चेंडू खेळण्याच्या एका दालनात शिरली आणि राज्यघटना केल्यावाचून पांगणार नाही अशी शपथ त्यांनी घेतली. २७ जूनला राजाने नाइलाजाने उरलेल्या सरदारांना आणि धर्मगुरूंना त्यांच्यांत जाऊन बसावयास सांगितले. इतिहासाची पुस्तके या तारखा देऊन चटकन बॅस्टिलकडे वळतात. मला मात्र नेहमी वाटत आले आहे की एक मोठी घटना त्या दिवसांत कोणाच्या फारसे लक्षात न येता घडून गेली. तीन वर्ग मिसळले, आणि कोणी कोठे बसावे हे सांगणारा चोपदार उरला नाही. आयुष्यभर हुद्द्याने नेमून दिलेल्या जागी बसलेल्या माणसांना प्रथमच स्वतःच्या मनाने जागा निवडावी लागली.

त्यांनी ती कशी निवडली? ऑगस्टच्या अखेरीस एक वाद निघाला. नव्या घटनेत सभेने केलेला कायदा नाकारण्याचा अधिकार राजाला असावा की नसावा, आणि असावा तर तो कायमचा की काही काळापुरता? राजाचा अधिकार अबाधित ठेवू पाहणारे अध्यक्षाच्या उजव्या बाजूस जमू लागले. विरुद्ध मताचे डाव्या बाजूस. उजवी बाजूच का, याला पुष्कळ कारणे सांगतात. धर्मगुरूंची मूळची जागा तीच होती, आणि ख्रिस्ती धर्मकल्पनेत परमेश्वराच्या उजव्या हाताला बसणे हा परमोच्च मान आहे, हे मला त्यांतल्या त्यांत पटते. परंतु आवडत्या माणसाशेजारी बसावे आणि नावडत्यापासून दूर बसावे, ही साधी मानवी वृत्तीही तिथे होतीच.

त्या दिवसांची साक्ष देणारा एक सरदार आहे, बॅरन द गोव्हील. त्याची रोजनिशी पुढे १८६४ साली छापली गेली. ऑगस्टच्या अखेरच्या नोंदीत तो लिहितो, त्याचा भावार्थ असा: आता आम्ही एकमेकांस ओळखू लागलो आहोत, धर्म आणि राजा यांना जपणारे अध्यक्षाच्या उजव्या बाजूस बसतात, कारण पलीकडचा आरडाओरडा आणि शिवीगाळ त्यांना सोसवत नाही. त्याच्या पुढची हकीकत मला अधिक मोलाची वाटते. या गृहस्थाने दालनाच्या निरनिराळ्या भागांत बसून पाहिले होते. कोणत्याही एका बाजूचा शिक्का बसू नये, प्रत्येक प्रश्नावर आपले मत आपण द्यावे, ही त्याची इच्छा. परंतु डाव्या बाजूस बसून उजव्यांसारखे मत देण्यासाठी तो उभा राहिला, की तो एकटाच उभा दिसे आणि वरच्या सज्जांतून प्रेक्षक त्याची हुर्यो उडवीत. अखेर कंटाळून तो उजवीकडे जाऊन बसला.

त्या काळी सभेतील पुष्कळशी मते उभे राहून किंवा बसून दिली जात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. एकदम शंभर माणसे उठली की त्यांत एखादा बसून राहणे कठीण. आधी माणसाने मतासारखी जागा निवडली. मग हळूहळू जागेसारखे मत होऊ लागले. गोव्हीलच्या नोंदीत हा पालट घडताना दिसतो, आणि अवघ्या काही आठवड्यांत तो घडला आहे, हे वाचून मन थोडे चरकते.

आणि शिक्के बसले तेही किती चुकीचे! राजाला कायमचा नकाराधिकार असावा असे सप्टेंबरच्या आरंभी जोरदारपणे कोणी मांडले? तर तिसऱ्या वर्गाचा गाजलेला वक्ता मिराबोने, ज्याला सारे पॅरिस लोकपक्षाचा पुढारी म्हणून ओळखत होते. जूनमधील त्या शपथेची सूचना ज्याने मांडली होती, तो मूनिए दहा-बारा आठवड्यांत राजाच्या अधिकारांचा कैवारी म्हणून उजवीकडचा ठरला आणि पुढच्याच वर्षी देशत्याग करून गेला. ११ सप्टेंबरला निकाल लागला. राजाला नकाराधिकार मिळाला, पण तो काही काळापुरता. वाद मिटला. बसण्याच्या जागा मात्र मिटल्या नाहीत.

ऑक्टोबरात पॅरिसच्या बायका भाकरीसाठी व्हर्सायवर चालून गेल्या, राजाला शहरात घेऊन आल्या, आणि त्याच्यामागून सभाही आली. नोव्हेंबरपासून ती तुइलरी राजवाड्याजवळच्या घोडे फिरविण्याच्या शाळेत भरू लागली. पंधराव्या लुईच्या बालपणी बांधलेली ही इमारत लांबच लांब आणि अरुंद होती. आवाज घुमे, एका टोकाचे बोलणे दुसऱ्या टोकाला पोहोचत नसे. दोन्ही अंगांना चढत्या पायऱ्यांची बाके. त्या लांबोळक्या दालनात दोन बाजू पडल्या नसत्या तरच आश्चर्य! आपले विचार आपण स्वतंत्रपणे बनवितो असे समजणाऱ्या माणसाने एकदा तरी सुतार आणि गवंडी यांचे ऋण मान्य करावे.

१७९१ च्या नव्या विधिमंडळात ब्रिसो, व्हेर्निओ आदी जिराँदी मंडळी डावीकडे बसत. १७९२ च्या सप्टेंबरात नवी सभा आली, राजेशाही गेली, आणि आता त्यांच्याहून तीव्र मताचे लोक उंच बाकांवर चढून बसले. त्यांना 'पर्वत' हे नाव पडले. खालच्या, मधल्या, सावध सभासदांना 'मैदान', आणि कुचेष्टेने 'दलदल'. जिराँदी आता उजवीकडे आले होते. त्यांचे विचार फारसे बदलले नव्हते. सभाच त्यांच्याभोवती फिरली होती. २ जून १७९३ रोजी त्यांच्या पुढाऱ्यांच्या अटकेचा हुकूम सुटला आणि ३१ ऑक्टोबरला त्यांच्यापैकी एकवीसजणांची डोकी उडविली गेली. दालनाची उजवी बाजू ओस पडली; जे उरले ते मध्यभागी सरकले. मुले हा भाग ऐकताना एकदम गप्प होत. बाकावरची जागा ही जिवावर बेतणारी गोष्ट होऊ शकते, हे त्यांना न सांगता कळे.

रोबेस्पिएरचा अंत झाल्यावर जी घटना १७९५ साली आली, तिच्या कर्त्यांनी यावर एक मजेदार उपाय योजला. सभासदांच्या जागा दर महिन्याला चिठ्ठ्या टाकून ठरवावयाच्या! म्हणजे मित्राशेजारी मित्र बसणार नाही आणि कंपू होणार नाहीत. मला हा नियम मनापासून आवडतो. वर्गात मीही तो करून पाहिला होता. भांडणे कमी झाली नाहीत, पण ती वेगवेगळ्या मुलांची होऊ लागली. फ्रान्समध्येही त्याने फारसे साधले नाही. १७९८ पासून कनिष्ठ सभा अर्धवर्तुळाकार दालनात भरू लागली, आणि राजेशाही परतल्यावर १८१५ नंतर कट्टर राजनिष्ठ उजवीकडे, उदारमतवादी डावीकडे, असे लोक पुन्हा आपापल्या अंगाला जाऊन बसले. अर्धवर्तुळाचा गुण असा की त्यात बाजूंबरोबर मध्यही येतो आणि छटाही येतात. 'अति डावे', 'मध्याच्या उजवीकडचे' ही भाषा त्याच काळातली.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. १८३७ साली कार्लाइलने राज्यक्रांतीचा इतिहास लिहिला, त्यातून हे शब्द इंग्रजी वाचकापर्यंत गेले. त्याच वर्षी जर्मनीत श्ट्राउसने हेगेलच्या शिष्यांना डावे आणि उजवे अशी नावे दिली, म्हणजे बाकावरचे शब्द तत्त्वज्ञानाला चिकटले. तरीही बराच काळ ते सभागृहातील शब्दच होते. १८७१ नंतरच्या फ्रेंच प्रजासत्ताकात पक्षगटांनी ते आपल्या नावांत घेतले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी घरी बसलेला मतदारही 'मी डावा' असे म्हणू लागला. सभागृहाचे तोंडही न पाहिलेल्या माणसाला सभागृहातली जागा मिळाली ती अशी.

नाव एकदा चिकटले की ते सुटत नाही, याचे मासले पाहावयाचे तर डेन्मार्कला जावे. तेथील एका जुन्या पक्षाचे नावच 'डावे' असे आहे; १८७० साली शेतकऱ्यांचा कैवार घेऊन तो उभा राहिला. आज तो त्या देशातील उजवीकडे झुकलेला पक्ष गणला जातो आणि नाव अजून तेच आहे. फ्रान्समध्येही दोन महायुद्धांच्या दरम्यान 'डावे प्रजासत्ताकवादी' म्हणविणारा गट मध्याच्या उजवीकडे बसत असे. डावीकडून नवे पक्ष येत गेले आणि जुने उजवीकडे ढकलले गेले. तिबोदे या फ्रेंच समीक्षकाने १९३२ साली या ओढ्याला नावही दिले होते.

आपल्याकडे हे शब्द आले ते तयार. १९३९ साली सुभाषबाबूंनी डाव्या गटांची एकजूट करण्याचा यत्न केला, तेव्हा ते चांगलेच रुळले होते. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत मात्र बसण्याची पद्धत इंग्रजी पार्लमेंटची: अध्यक्षांच्या उजव्या हाताला सरकार, डाव्या हाताला विरोधक. २०२३ मध्ये संसद नव्या इमारतीत गेली तरी ती तशीच आहे. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत सोळा जागा मिळवून कम्युनिस्ट हा सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला आणि अध्यक्षांच्या डावीकडे बसला, तेव्हा शब्द आणि जागा यांचा मेळ योगायोगाने जमला होता. पुढे १९६७ मध्ये चव्वेचाळीस जागा मिळविलेला स्वतंत्र पक्ष, ज्याच्याइतका उघड उजवा पक्ष दुसरा नव्हता, तोही डावीकडेच बसला. आणि आवडीला १९५५ साली समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव करणारी काँग्रेस उजवीकडे. त्याच स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते. त्या पक्षाची कल्पना नाशिकच्या तुरुंगात वाढली. तुरुंगात बसावयाची जागा कोणी निवडत नाही, म्हणून तेथे विचार मोकळेपणी होत असावा असे कधी कधी वाटते. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी 'उजवे कम्युनिस्ट' हाही शब्द घडविला.

आणि काही प्रश्न असे असतात की तेथे ही पट्टी पुरतच नाही. १९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष यांच्याबरोबर हिंदु महासभा आणि जनसंघही त्या एका छत्राखाली होते. सीमाभागातील वाचकांच्या घराघरांत त्याच्या आठवणी असतील. आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात 'फूल' आणि 'दोन पाने' अशा दोन खुणा होत्या. एकाच घरातले दोन भाऊ दोन खुणांचे असत. त्यांतला डावा कोण आणि उजवा कोण, हे कोणत्या फ्रेंच पंडिताने सांगितले असते?

गोव्हीलची हकीकत वाचली की मला आमच्या गावचे एक वृद्ध गृहस्थ आठवतात. त्यांना सारे भाऊ म्हणत. एकादशी चुकविली नाही, पालखी चुकविली नाही, सोवळ्याओवळ्यात कोणाचे ऐकले नाही. स्वतः लहानसे भाटकार. १९७६ मध्ये कूळकायद्याला दुरुस्ती होऊन कुळांना कसत्या जमिनीची मालकी देण्याचे ठरले, तेव्हा देवळाच्या चौकात बैठक भरली. सतरंजीच्या एका अंगाला कुळे, दुसऱ्या अंगाला भाटकार. कोणी सांगितले नव्हते, पण तसे बसले गेले. भाऊ उशिरा आले. कसणाऱ्याला जमीन मिळालीच पाहिजे, हे त्यांचे मत सर्वांना ठाऊक होते. देवस्थानच्या शेतांच्या उत्पन्नातून दिव्याचे तेल आणि वाजंत्र्यांचा मेहनताना निघतो, त्याची तजवीज आधी करा, हेही मत ठाऊक होते. कोणीतरी थट्टेने, पण अगदीच थट्टेने नव्हे, विचारले, "भाऊ, तुमी खंयचे वटेन?" भाऊंनी दोन्हीकडे पाहिले आणि ते मधल्या खांबाला टेकून बसले. बोलले दोन्ही मते.

त्या वर्षी चवथीला त्यांना भाटकारांच्या घरून बोलावणे आले नाही, आणि कुळांपैकी कोणी त्यांच्या घरी आरतीला आले नाही. त्यांनी मला याविषयी एकदाच सांगितले, तेही माटोळीला बांधावयाची फळे नेहमीप्रमाणे कोणी आणून दिली नाहीत, बाजारातून आणावी लागली, एवढेच. पुढे चार-पाच वर्षांनी येणेजाणे सुरू झाले. देवळात मात्र ते अखेरपर्यंत त्याच खांबाशी बसत, आणि भजनाला जागा अपुरी पडली तरी पोरे ती जागा मोकळी सोडीत. 'भाऊंचो खांबो' म्हणत त्याला.